फिल्टरची घरघर

३ फेब्रुवारी

प्रिय गोगलगाय,

सुखरूप पोचले. किल्ली तू म्हणालीस तशी शेजारच्या शिंपीणबाईंकडे होती. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, ‘तुम्ही त्यांच्या नणंद ना? मेट्रन?’ म्हणजे माझी कीर्ती माझ्याआधीच येऊन बसली आहे. काय काय सांगून ठेवलं आहेस कोण जाणे.

घर छान ठेवलं आहेस. पलंगावरच्या चादरीचे कोपरे मात्र मी पुन्हा घातले. छत्तीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर सैल कोपऱ्यांच्या चादरीवर माझी पाठ टेकत नाही, त्याला इलाज नाही.

आता मुद्द्याचं. तुझा तो फिश टँक. म्हणजे दादाचा, पण तो गेल्यावर आता तुझाच म्हणायचा. मासे गुणी आहेत. तो मोठा गोल्डफिश, ज्याला तुम्ही हेडमास्तर म्हणता, तो मला बघून काचेपाशी येतो, मी काहीतरी चुकीचं केलं असावं असा चेहरा करतो आणि परत जातो. बाकीची तीन पोरं त्याच्या मागे मागे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या टँकच्या पाठीला टांगलेल्या काळ्या डब्याबद्दल आहे, ज्याला तू फिल्टर म्हणतेस. आधी घर्रर्र, मग खर्र, मग क्षणभर गप्प. मी त्या गप्प क्षणाची वाट बघते, आणि तो आला की पुढच्या ‘खर्र’ची. वॉर्डात मी चाळीस माणसांच्या घोरण्यात गाढ झोपले आहे. पण माणूस निदान कूस बदलतो. हा बदलत नाही. मधल्या खोलीतून तो स्वयंपाकघरात ऐकू येतो, न्हाणीघरात ऐकू येतो, आणि दुपारी उशी डोक्यावर घेतली तर उशीतूनही.

आपलं काय ठरलं आहे ते मी विसरले नाही. लेकीचं बाळंतपण उरकेस्तोवर तू तिकडे, मी इथे. मासे मी सांभाळायचे, आणि तुझ्याबरोबर या घरात कायमचं राहणं मला जमेल का तेही बघायचं. निवृत्त नर्सेसच्या वसाहतीतली खोली त्यांनी माझ्यासाठी ३१ मार्चपर्यंत राखून ठेवली आहे. तोवर त्यांना हो किंवा नाही कळवायचं. तिथे एक खिडकी, एक कपाट आणि शांतता आहे. मासे नाहीत. हा आवाज असाच चालू राहिला तर माझा कौल कुठे जाईल ते तू ओळखून घे.

दुपारी जेवणानंतर दोन तास तो डबा बंद ठेवला तर चालेल का, तेवढं कळव. फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कुणीच नाही. मिशनच्या शाळेत सिस्टरने पत्रं लिहायची सवय लावली ती एवढ्यासाठीच असावी.

तुझी,
फौजदार

•

८ फेब्रुवारी

प्रिय फौजदार,

बंद करू नकोस. कृपा करून करू नकोस. त्या डब्यानेच पाणी हलतं आणि माशांना श्वास मिळतो, असं तुझा भाऊ सांगायचा. होता तोवर त्याने तो कधी बंद पडू दिला नाही. वीज गेली की हा माणूस वाटीने पाणी वर घेऊन वरून ओतत बसायचा. मी म्हणायची, ‘अहो, मला ताप आला होता तेव्हा एवढं केलं नव्हतंत.’ तर म्हणाले, ‘तू मागून घेतेस. ते कुठे मागतात?’

आवाजाची सवय होते. मला नाही का झाली? आता मी इथे लेकीच्या घरी आहे तर उलट चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. दोन गोष्टी करून बघ. पाणी उन्हाने आटतं, मग फिल्टरमधून पडणारी धार उंचावरून पडते आणि खळखळते. टँक काठोकाठ भर. आणि डब्याच्या खाली, काचेच्या आणि त्याच्या मध्ये, त्यांनी एक कागदाची पाचर घातली आहे. ती सरकली असेल तर डबा काचेवर थरथरतो. ती नीट बसव.

इथलं म्हणशील तर लेक आता बदकासारखी चालते आणि त्यावर कुणी हसलं तर रडते. जावईबापूंनी बाळाचा पाळणा स्वतः जोडला. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. तेव्हापासून ते त्या पाळण्याकडे संशयाने बघत असतात.

वसाहतीचं म्हणशील तर घाईने ठरवू नकोस. पण माझ्यासाठी म्हणूनही राहू नकोस, हेही आत्ताच सांगते. आपण शाळेत एका बाकावर होतो, मग तू मला तुझ्या भावाच्या गळ्यात बांधलंस आणि मी तुझी वहिनी झाले. एवढे उपकार एका जन्मात पुरे आहेत. तुला जिथे बरं वाटेल तिथे राहा. मी काही एकटी पडायची नाही. मला सवय आहे.

तुझी,
गोगलगाय

•

१३ फेब्रुवारी

प्रिय गोगलगाय,

‘सवय’ हा शब्द तू एका पत्रात दोन वेळा लिहिलास. एकदा फिल्टरबद्दल, एकदा स्वतःबद्दल. मी मोजलं.

पाणी काठोकाठ भरलं. खळखळ थांबली. म्हणजे तीन आवाज होते त्यांतला एक गेला. मग पाचर काढून बघितली. तुला ठाऊक आहे ती कशाची आहे? माझ्या पत्राची. हॉस्पिटलच्या जाड कागदावर लिहिलेलं, आठ घड्या घालून फिल्टरखाली खुपसलेलं. मी मेट्रन झाले तेव्हा दादाला लिहिलेलं पत्र. ‘तुझी बहीण आता दोनशे खाटांची मालकीण आहे’ असं मी त्यात लिहिलं होतं, आणि त्या दोनशे खाटा नऊ वर्षं एका डब्याला टेकू देत होत्या. मी अर्धा तास फुगून बसले होते. मग हसू आलं. पण पुन्हा तेच पत्र घालायला मन धजेना, म्हणून विजेच्या बिलाची पाचर केली. थरथर थांबली. दुसरा आवाज गेला.

तिसरा, तो ‘खर्र’, राहिला. मी म्हटलं, आता आत बघायला हवं. डबा सोडवला, झाकण काढलं आणि, गोगलगाय, मला तुझी लाज वाटली. आतल्या स्पंजावर तपकिरी चिकट थर. बोटाला बुळबुळीत. नऊ वर्षांचा. माझ्या वॉर्डात असा स्पंज सापडला असता तर तीन जणींना घरी पाठवलं असतं. मी पातेलं चढवलं आणि स्पंज वीस मिनिटं खळखळून उकळला. डबा, नळी, झाकण जंतुनाशकात बुडवून ठेवलं. मग तीन पाण्यांनी धुतलं. काच आतून घासली, तळातले खडे उकळत्या पाण्यातून काढले. आता टँक ऑपरेशन थिएटरसारखा लख्ख दिसतो. हेडमास्तर थोडे बावरले आहेत, पण स्वच्छतेची सवय नसेल तर कुणीही बावरतं.

‘खर्र’ अजून आहे. पण निदान आता ती स्वच्छ ‘खर्र’ आहे.

बाळाची खबर लगेच कळव. ते चार स्क्रू कुठले होते ते सापडल्याशिवाय बाळाला त्या पाळण्यात ठेवू नका, असं जावयाला माझ्या नावाने सांग.

तुझी,
फौजदार

•

१९ फेब्रुवारी

प्रिय आत्येआजी,

हो, आत्येआजी. मुलगी झाली. सोळाला सकाळी. दोघी छान आहेत. केस भरपूर, नाक आपल्या घराण्याचं नाही, पण कपाळ थेट तुझ्या भावाचं. जन्मल्या जन्मल्या भुवया वर करून सगळ्यांकडे बघितलं, जणू त्याच्या दुरुस्तीच्या टेबलावर कुणीतरी टाइपरायटर आणून टाकला आहे आणि तो कुठे बिघडला आहे ते हिला आधीच कळलं आहे.

आणि आता ऐक. ही बया शांततेत झोपत नाही. दोन दिवस आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो, कुजबुजत होतो, जावईबापूंनी दाराची बेल काढून ठेवली होती. ही टक्क जागी. काल स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा कुणीतरी लावला, तो तुझ्या फिल्टरचा सख्खा भाऊ शोभेल असा, आणि दोन मिनिटांत हिचे डोळे मिटले. आता पाळणा स्वयंपाकघराच्या दाराशी आहे. स्क्रूंचं तुझं फर्मान सांगितलं. ते पाळण्याचे नव्हतेच, पुस्तकांच्या फळीचे होते. फळी पडली तेव्हा कळलं.

तुझं पत्र घाईत वाचलं. स्पंज उकळलास म्हणे. तू तरी काय, दिसेल ते उकळशील. तुझा भाऊ याच्या अगदी उलट. तो स्पंज टँकमधूनच बादलीभर घाण पाणी काढून त्यात नुसता खळबळायचा आणि तसाच परत घालायचा. मी ओरडायची, घाणीत घाण कसली धुताय. तर म्हणायचे, ‘तुला यातलं कळत नाही.’ नव्हतंच कळत. अजूनही नाही. तू केलंस ते बरंच केलंस.

डोळे मिटताहेत. पंखा चालू आहे.

तुझी,
गोगलगाय

•

२५ फेब्रुवारी

प्रिय गोगलगाय,

मुलगी झाली हे वाचून फार आनंद झाला. तुझं आणि लेकीचं अभिनंदन. तिला लोह आणि विश्रांती मिळते आहे ना ते बघ. बाळाला पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका.

इथे सगळं ठीक आहे. शिंपीणबाई तुझी चौकशी करत होत्या. घर नीट आहे. काळजी करू नकोस.

सहज विचारते, दादा तो स्पंज किती दिवसांनी धुवायचा? आणि टँकचं पाणी बदलताना सगळं बदलायचा की थोडं? आठवत असेल तर लिही. नसेल तरी चालेल.

घाईत आहे. जरा काम आहे.

तुझी,
फौजदार

•

२ मार्च

प्रिय फौजदार,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. वाचायला होतंच काय त्यात. तीन वेळा वाचूनही चहा निवला नाही.

आवाजाबद्दल एक अक्षर नाही. माझ्याबद्दल एक टोमणा नाही. तुला आठवतं, बोर्डिंगात तू रोज रात्री त्या पाणचट सुपावरून भांडायचीस? सिस्टर कंटाळून गेली होती. आणि एके दिवशी तू ते गुपचूप पिऊन टाकलंस. मी तेव्हाच ओळखलं होतं. आठवडाभराने तुझे वडील तुला घरी न्यायला आले. तूच पत्र घालून बोलावलं होतंस. तू तक्रार करायची थांबलीस म्हणजे मनाने निघून गेलेली असतेस. पन्नास वर्षं ओळखते मी तुला.

तेव्हा तू वसाहतीत जायचं ठरवलं आहेस. मला वाईट वाटेल म्हणून लिहीत नाहीस, आणि टँक मला नीट सोपवून जाता यावा म्हणून स्पंजाची चौकशी करते आहेस.

मी रागावलेली नाही. पण एक गोष्ट मी माझ्या बाजूने केली आहे. ज्याच्याकडून त्यांनी मासे आणले त्या दुकानदाराला काल फोन केला. तो आठ तारखेला येऊन टँक, फिल्टर, मासे सगळं घेऊन जाईल. त्याच्याकडे मोठ्या टाक्या आहेत, हेडमास्तर तिथे सुखात राहतील. एका डब्याच्या घरघरीमुळे तू जावंस एवढं माझं घर काही लहान नाही.

त्याउपरही वसाहतच बरी वाटली तर जा. मग ते निदान माझ्यामुळे असेल, माशांमुळे नाही, आणि मला स्वतःची नीट समजूत घालता येईल.

टँक उचलला की भिंतीवर चौकोन दिसेल. तिथे काही टांगू नकोस. मी आले की बघेन.

तुझी,
गोगलगाय

•

९ मार्च

प्रिय गोगलगाय,

बस आणि वाच. बाळाला लेकीकडे दे.

तुझं पत्र परवा आलं. ते वाचून मी अशी चिडले की शिंपीणबाई भिंतीपलीकडून विचारत होत्या, ‘ताई, काही पडलं का?’ तू पन्नास वर्षं मला ओळखतेस ना? मग ओळखायचंस की मी गप्प बसले म्हणजे माझ्या हातून काहीतरी झालं आहे.

झालं ते असं. मी स्पंज उकळला त्याच्या चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. मला वाटलं, घाण राहिली. म्हणून सगळं पाणी काढून नळाचं ताजं भरलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सगळं बदललं. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून हवा घेऊ लागले. बावीस तारखेला सकाळी तिन्ही पोरांमधलं सगळ्यात धाकटं, ते शेपटीला पांढरा ठिपका असलेलं, तळाशी आडवं पडलेलं दिसलं. मी त्याला तुझ्या अंगणातल्या मोठ्या कुंडीत पुरलं. कोणत्या ते आल्यावर दाखवते.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. बाळाची बातमी वाचून मी रडले, आणि खाली ‘घाणीत घाण धुवायचे’ ते वाचून ताडकन उठले. दादा टाइपरायटरच्या एका स्प्रिंगसाठी तीन दिवस घालवणारा माणूस. तो स्पंज आळसाने घाण पाण्यात धुवेल होय? मी टँकचं पाणी एका औषधाच्या बाटलीत भरलं आणि शिंपीणबाईंना पत्ता विचारून तशीच तुझ्या त्या दुकानदाराकडे निघाले. लघवी तपासायला घेऊन निघाल्यासारखी.

दुकानदार डोळ्यांवर एक चष्मा आणि कपाळावर एक असा बसला होता. त्याने बाटली उजेडात धरली आणि विचारलं, ‘ताई, स्पंज कशाने धुतलात?’

म्हटलं, ‘उकळला.’

‘किती?’

‘वीस मिनिटं.’

त्याने दोन्ही चष्मे काढून ठेवले. ‘आणि डबा?’

‘जंतुनाशकात. तुम्ही हसू नका. मी मेट्रन होते.’

‘हसत नाही ताई. पण तुम्ही टँकचं पोट कापून धुऊन काढलंत. तो चिकट थर घाण नसतो. त्यात जंतू राहतात, ते माशांची घाण खातात. ते मेले की मासे आपल्याच घाणीत गुदमरतात. नळाच्या पाण्यातही जंतू मारायचं औषध असतं. ते तुम्ही वरून दोनदा घातलंत.’

अगं, छत्तीस वर्षं मी जंतूंशी लढले. त्यांना कधी कुणाच्या कामाला आलेलं पाहिलं नव्हतं. आणि तुझ्या मधल्या खोलीत ते नऊ वर्षं मुकाट्याने माशांचा वॉर्ड चालवत होते, आणि मी त्यांना उकळलं.

माणूस भला आहे. त्याने स्वतःच्या दुकानातल्या जुन्या फिल्टरचा घाणेरडा स्पंज कापून अर्धा मला दिला, त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घालून. म्हणाला, ‘हा तुमच्या डब्यात घाला. यातले जंतू तिकडे पसरतील. थोडक्यात, रक्त चढवा.’ मी ती पिशवी दोन्ही हातांत धरून घरी आणली. वाटेत एकाने धक्का दिला तर त्याला असं बोलले की तो रस्ता बदलून गेला.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. हेडमास्तरांचा तक्ता केला. दर चार तासांनी कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी एकशे अठरा. रोज फक्त चौथा हिस्सा पाणी बदलायचं, तेही बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलं. खाणं बंद. सत्तावीसला एकशे चार. दोन मार्चला शहाण्णव. चारला पाणी निवळलं आणि हेडमास्तर काचेपाशी येऊन पुन्हा तो चेहरा करून गेले. काल ब्याऐंशी. उरलेली दोन पोरंही खात आहेत. दुकानदार म्हणतो, धोका टळला.

‘खर्र’ आवाजाचाही निकाल लागला. दुकानदार टँकला रक्त नीट चढलं की नाही ते बघायला घरी आला होता. त्याने डबा उघडून आतला एवढासा पंखा बाहेर काढला. त्याची दांडी झिजली होती आणि तिच्यात वाळूचा एक कण अडकला होता. नवी दांडी घातली. आता फिल्टर चालू आहे की नाही ते बघायला पाण्यात हात घालावा लागतो. पंचवीसला मी तुला लिहायला बसले तेव्हा घरात एवढी शांतता होती की मला घड्याळ ऐकू येत होतं. पण आवाज गेला असं कुठल्या तोंडाने लिहू? पुढे तू विचारणार, आणि मासे कसे आहेत?

म्हणून लिहिलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तू मला या घरात बसवून बघत होतीस, आणि पहिल्याच महिन्यात मी तुझ्या नवऱ्याच्या माशाचा जीव घेतला. मी मनाशी म्हणत होते, वसाहतीत मासे नाहीत, मी तिथेच बरी. तिथे माझ्या स्वच्छतेने कुणी मरणार नाही.

काल, आठ तारखेला, ठरल्याप्रमाणे दुकानदार टब घेऊन दारात उभा. खाली मान घालून म्हणाला, ‘मॅडमचा फोन होता. न्यायचे आहेत ना?’ तुला काही सांगायचं नाही अशी मी त्याला शपथ घातली होती, म्हणून फोनवर तो बोलला नाही. बिचाऱ्याने दोन आठवडे त्यांच्यासाठी जीव टाकला होता, त्याचंही मन होत नव्हतं. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, ‘पेशंटला हलवता येणार नाही. डॉक्टरांची परवानगी नाही.’ तो म्हणाला, ‘डॉक्टर कोण?’ म्हटलं, ‘मीच.’ मग तो आत येऊन चहा पिऊन गेला. टब रिकामा घेऊन गेला.

तर आता विचारते, कारण तू विचारणार नाहीस हे मला दिसतं आहे. मला वसाहतीत जायचं नाही. इथे राहायचं आहे. चादरींचे कोपरे तू म्हणशील तसे. फिल्टरला मी हात लावणार नाही. एक मासा माझ्या नावावर आहे, तो धरून जमत असेल तर ठेवून घे. नसेल जमत तर तसं स्पष्ट लिही. माझ्याकडे बावीस दिवस आहेत.

तुझी,
फौजदार

•

१४ मार्च

प्रिय फौजदार,

धाकट्याचं वाईट वाटलं. पण तुझ्यावर राग आला असं लिहिलं तर खोटं होईल, आणि या पत्रात मी खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तर पहिली गोष्ट. त्या आवाजाची मला कधीच सवय झाली नाही. नऊ वर्षं मी कानात कापूस घालून झोपले. तो टँक आणला त्या दिवसापासून मला त्याचा वैताग होता. त्यांना वाटायचं मला तो आवडतो, कारण पहिल्या दिवशी मी ‘छान आहे हो’ म्हणाले होते. माणूस असा हरखून गेला होता की दुसरं काही म्हणवेना. एकदा म्हटलं की मग मागे येता येत नाही. तू मला गोगलगाय हे नाव उगाच दिलं नव्हतंस. पोटात पाय आहेत माझ्या.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. ते गेले त्याच महिन्यात दुकानदाराने मासे परत घ्यायची तयारी दाखवली होती. मी नाही म्हटलं. त्यांची आठवण म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनी डोळे पुसले. तेही खरं होतं, पण सगळं नव्हे. मला दिसत होतं की दोन वर्षांत तू निवृत्त होणार, क्वार्टर सोडणार, आणि मला कधी विचारणार नाहीस. आणि मी तुला ‘ये’ म्हटलं तर तू म्हणशील, वहिनीला माझी दया आली. तुझा ताठा मला माहीत नाही का? मासे असले की निमित्त होतं. कुणीतरी मासे सांभाळायला हवं, म्हणून ये. दोन वर्षं मी त्या चार जिवांना तुझ्यासाठी वाढवलं, कापूस घालून.

आणि ऐन वेळी तुझं ते बारा ओळींचं पत्र आलं. मी काय करावं? दुकानदाराला फोन करून निमित्तच उचलून न्यायला सांगितलं. लेकीला सगळं वाचून दाखवलं तर ती म्हणते, ‘तुम्ही दोघी साठीच्या पुढे गेलात ना? मग सरळ बोलायला कधी शिकणार?’ मी म्हटलं, तुझी आत्या शिकली, आता माझी पाळी.

म्हणून सरळ लिहिते. राहा. माझ्यासाठी राहा. मला एकटं राहायची सवय झाली आहे हेही कापसासारखंच होतं.

पण अटी आहेत. स्वयंपाकघरात मी म्हणेन तसं. तू भांडी उकळायची नाहीस. आणि तू रोज एकदा तरी तक्रार करायचीस, म्हणजे तू घरात आहेस हे मला कळेल.

मी अठ्ठावीसला निघते. लेक उठून बसली आहे, जावई वरण लावायला शिकले, बाळाला पंखा पुरतो. माझी इथे आता फारशी गरज नाही, आणि ते कुणी मला सांगायच्या आत मीच निघालेली बरी.

तुझी,
वहिनी

•

१९ मार्च

प्रिय वहिनी,

तू ‘वहिनी’ अशी सही केलीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी ते पत्र दोन दिवस टेबलावरच ठेवलं आहे. शिंपीणबाईंनी वाचलं नाही असं त्या म्हणतात.

तक्रार एक: तुझ्या न्हाणीघराचा नळ नीट बंद होत नाही. तक्रार दोन: नऊ वर्षं कापूस घालून झोपलीस आणि कानाचा डॉक्टर कधी पाहिला नाहीस. आल्यावर कान मी बघेन. अटी मान्य. भांड्यांच्या अटीवर बोलू.

आज वसाहतीला कळवलं. साधं पत्र चालत नाही, त्यांचा छापील कागद भरावा लागतो. नाव, नोकरीची वर्षं, खोली क्रमांक, सगळं भरलं. शेवटी रकाना होता, ‘जागा नाकारण्याचे कारण’, आणि त्यापुढे बोटभर रेघ. मी पेन हातात घेऊन किती तरी वेळ बसले. बोटभर रेघेवर काय मावणार? मासे मावत नाहीत, बोर्डिंग मावत नाही, दादा मावत नाही. टपाल निघायची वेळ झाली तेव्हा मी सिस्टरने शिकवलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘भावजय सोडत नाही,’ आणि सही केली.

चुकीची माहिती दिलेली नाही ना, एवढं तू आल्यावर सांग.

तुझी,
फौजदार